जी-आठपासून पुढे

*प्रिय ताई,*

*मी २५ वर्षांची, राहते डोंबिवलीला, नोकरी लोअर परळला. आमची छोटी कंपनी नाटकांची तिकिटं ऑनलाइन विकायचं सॉफ्टवेअर चालवते. सगळं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे, सर्व्हर एकच. तीन महिन्यांपूर्वी बुकिंगचा भाग माझ्याकडे आला. एक खुर्ची दोघांना जाऊ नये म्हणून मी खुर्चीच्या क्रमांकावर सिंक्रोनाइज्ड (जावातला लॉक) लावलं: आधी लॉक घ्यायचा, खुर्ची मोकळी आहे का बघायचं, पैसे घ्यायचे, विकल्याची नोंद करायची, मग लॉक सोडायचा. चार तिकिटं असतील तर प्रेक्षकाने ज्या क्रमाने खुर्च्या निवडल्या त्याच क्रमाने एकेक लॉक घेत जाते. खुर्च्यांना आतून १ पासून सलग क्रमांक आहेत, एका रांगेत २०.*

*तरीही गेल्या शनिवारी जी-१२ दोघांना गेली. दोन आजोबा एकाच खुर्चीची तिकिटं दाखवत उभे राहिले. शेवटी एकांना पॅसेजमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. विचित्र म्हणजे हा घोळ फक्त मागच्या रांगांत होतो. पुढच्या रांगांत कधीच नाही. पण तिथे चार-पाच जणांचं बुकिंग आलं की कधीकधी सिस्टिम हँग होते आणि रीस्टार्ट करावी लागते. रविवारी प्लॅन उघडतो तेव्हा तर सगळंच रखडतं. माझ्या लॅपटॉपवर यातलं काहीच होत नाही. सीनियर म्हणतात, सगळे लॉक काढ, डेटाबेस बघून घेईल. शेजारचा मुलगा म्हणतो, व्होलाटाइल लाव. दिवाळीत दुसरा सर्व्हर येणार आहे. हे काम मला जमणारं नाही का?*

*— जी-बारा, डोंबिवली*

जी-बारा,

जमण्या-न जमण्याचं नंतर बोलू. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी आधी विसाचा पाढा म्हटला. एफ रांग संपते १२० वर. जी-१ म्हणजे १२१, जी-७ म्हणजे १२७ आणि जी-८ म्हणजे १२८. आता जुन्या तक्रारी काढून बघ. दोघांना गेलेली प्रत्येक खुर्ची जी-८ किंवा तिच्या मागची निघेल. मी सहसा पैज लावत नाही, पण यावर लावते.

सिंक्रोनाइज्डला वस्तू लागते, म्हणजे ऑब्जेक्ट. नुसत्या आकड्याला लॉक बसत नाही. तू यादीतून जो खुर्ची क्रमांक उचलतेस तो इंटिजर नावाच्या डबीत घातलेला आकडा असतो. जावा या बाबतीत काटकसरी आहे. उणे १२८ ते १२७ या आकड्यांच्या डब्या आधीच भरून ठेवलेल्या असतात आणि कुणीही मागितली की तीच डबी हातात येते. १२८ पासून पुढे मात्र सहसा दर वेळी नवी डबी. म्हणजे दोन प्रेक्षकांनी एकाच क्षणी १३२ मागितली की दोघांच्या थ्रेडकडे, म्हणजे सर्व्हरात एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांकडे, १३२ लिहिलेल्या दोन वेगळ्या डब्या येतात. आकडा तोच, वस्तू निराळ्या. आणि लॉक बसतो तो वस्तूवर, तिच्यावर लिहिलेल्या आकड्यावर नाही. दोघांनी आपापल्या डबीला कुलूप लावलं, दोघांना खुर्ची मोकळी दिसली, दोघांनी पैसे भरले आणि आजोबा पॅसेजमध्ये गेले.

पुढच्या रांगा हँग का होतात तेही यातूनच कळतं. तिथे डबी एकच असल्यामुळे लॉक खरोखर लागतात, आणि लॉक लागतात म्हणून एकमेकांत अडकू शकतात. एका कुटुंबाने आधी ११ निवडली, मग १२. त्याच वेळी दुसऱ्या कुणी आधी १२, मग ११. पहिला ११ धरून १२ची वाट बघतोय, दुसरा १२ धरून ११ची. दोघेही शिस्तीचे, हातातलं सोडायला कुणी तयार नाही. याला डेडलॉक म्हणतात. मागच्या रांगा कधी हँग झाल्या नाहीत त्याचं कारण तिथे लॉकच नव्हता.

अजून एक गंमत तुझ्या लक्षात आली नसेल. १२ची डबी सगळ्या सर्व्हरात एकच आहे, त्यामुळे गुरुवारच्या ठाण्यातल्या प्रयोगाची १२ आणि रविवारच्या दादरच्या प्रयोगाची १२ यांचाही लॉक एकच. काही संबंध नसलेली माणसं एकमेकांसाठी खोळंबत होती. जावाच्या १६व्या आवृत्तीपासून कंपायलर अशा लॉकवर इशारा देतो. तुझ्याकडेही तो बहुधा येत असेल, बाकीच्या दीडशे इशाऱ्यांत बुडालेला. स्ट्रिंगवर लॉक लावला तरी हीच रड, तेव्हा इंटिजर काढून तिथे "जी-१२" ही अक्षरं ठेवू नकोस.

आता मूळ गोष्ट. आपण लॉक म्हणतो आणि डोळ्यांसमोर गोदरेजचं कुलूप येतं, चोराला अडवणारं. प्रोग्रॅममधला लॉक कुणालाच अडवत नाही. तो चाळीतल्या सामाईक मोरीवर टांगलेल्या पाटीसारखा आहे. पाटी उलटी असेल तर आत कुणीतरी आहे, हे सगळ्यांनी मानायचं ठरलेलं असतं. एकजण जरी पाटी न बघता दार ढकलणारा निघाला, तरी बाकी सगळ्यांची शिस्त वाया. म्हणून "मी या फंक्शनला लॉक लावलाय" हे वाक्य मला अपुरं वाटतं. कुठल्या डेटासाठी लावलाय, त्या डेटाला हात लावणारी सगळी ठिकाणं कुठली आणि ती सगळी हाच लॉक घेतात का, हे सांगता यायला हवं. तुझ्याकडे तिकीट रद्द करणारा कोड असणार, निर्मात्याचे पास काढून ठेवणारा असणार, मोकळ्या खुर्च्या पडद्यावर दाखवणारा तर नक्कीच. ते काय करतात ते पत्रात नाही. मला वाटतं ते पाटी बघत नाहीत.

दाखवणारा कोड फक्त वाचतो, त्याला लॉक कशाला, असं वाटेल. पण चार खुर्च्यांपैकी दोन बदलून झाल्यात आणि दोन व्हायच्यात, त्या क्षणी वाचणाऱ्याने डोकावलं तर त्याला अर्धवट चित्र दिसतं. नोंदी साध्या हॅशमॅपमध्ये, म्हणजे खुर्ची आणि तिची अवस्था अशा जोड्यांच्या यादीत, असतील तर आणखी वाईट. एक थ्रेड त्यात भर घालत असताना दुसऱ्याने वाचलं तर काय हाती लागेल याची हमी नाही. वाचणाऱ्यानेही तोच लॉक घ्यावा, पटकन प्रत काढावी, लॉक सोडावा आणि मग प्रतीवरून हवं ते सावकाश रंगवत बसावं.

माझे एक काका एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसायचे. त्यांच्यासमोर प्रत्येक प्रयोगाचा प्लॅन असायचा, खुर्च्यांचे चौकोन आखलेला कागद. विकलेल्या खुर्चीवर शाईची फुली. फोनवर राखून ठेवलेल्या खुर्चीत पेन्सिलीने नाव, आणि प्रयोगाच्या अर्धा तास आधी ते नाव खोडरबराने साफ. प्लॅन एकच आणि तो काकांच्याच हातात, म्हणून घोळ होत नसे. आता सांग, काकांचा लॉक कशाला होता? एकेका चौकोनाला नव्हता, अख्ख्या कागदाला होता. ठाण्याच्या प्रयोगाचा कागद वेगळा, दादरचा वेगळा.

तूही तेच कर. खुर्चीगणिक लॉक काढून टाक, प्रयोगागणिक एक ठेव. प्रयोगाचा प्लॅन हा एक वर्ग कर, खुर्च्यांची नोंद त्याच्या आत खासगी ठेव, आणि तिच्याशेजारी एक साधी, न बदलणारी, खासगी वस्तू फक्त लॉकसाठी ठेव. त्या प्रयोगाचा प्लॅन सर्व्हरात एकदाच बनला पाहिजे हे मात्र बघ. दर विनंतीला नवा प्लॅन बनवलास तर पुन्हा डबीचीच गोष्ट. बाहेरच्या कुणालाही आतला मॅप मिळू देऊ नकोस. "या चार खुर्च्या धर", "या सोड", "या विक", "मोकळ्या दाखव", एवढीच दारं. मग पाटी न बघता आत शिरायला जागाच उरत नाही.

एवढा मोठा लॉक घेतला तर वेग जाईल, असं तुझे सीनियर म्हणतील. चार नोंदी तपासून बदलायला सर्व्हरला मिलिसेकंदही लागत नाही. रविवारी तुमचं जे रखडतं त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते तूच लिहिलंयस: "पैसे घ्यायचे, … मग लॉक सोडायचा". बाई गं! समोरचा माणूस यूपीआयचा पिन आठवतोय, पिन मिळाला तर चष्मा शोधतोय, आणि तेवढा वेळ तुझा थ्रेड लॉक धरून बसलाय. काकांकडे "घरी विचारून सांगतो" म्हणणारे खूप यायचे. काका त्यांच्या हातात प्लॅन देऊन वाट बघत बसले असते तर मागची रांग रस्त्यावर गेली असती. जावाचे प्रोग्रॅम वेबवर चालवणारा टॉमकॅट वापरत असाल आणि सेटिंगला कुणी हात लावला नसेल, तर विनंत्या हाताळायला जास्तीत जास्त २०० थ्रेड मिळतात. ते लॉकसमोर आणि यूपीआयसमोर ताटकळले की नुसता प्लॅन बघायला आलेल्यालाही दार उघडायला कुणी उरत नाही.

लॉक हातात असताना बाहेरच्या कुणाची वाट बघायची नाही. पैसे, एसएमएस, ईमेल, दुसऱ्या सर्व्हरला विचारणं, सगळं लॉकच्या बाहेर. काकांची पेन्सिल इथे कामाला येते. खुर्चीला तीन अवस्था दे: मोकळी, धरलेली, विकलेली. धरलेलीसोबत कुणी धरली आणि कधीपर्यंत, हे लिही. आठ मिनिटं ठेव, दहा ठेव, ते तुमच्या मालकांनी ठरवावं. लॉक घेऊन चारही मोकळ्या आहेत का बघायचं आणि असतील तर चारही धरायच्या. एक जरी नसेल तर एकही नाही. लॉक सोडायचा. पैसे आले की पुन्हा लॉक घ्यायचा आणि खुर्च्या अजून त्याच माणसाच्या नावावर आहेत ना हे *पुन्हा तपासून* मग विकायच्या. मधल्या वेळात मुदत संपून त्या दुसऱ्याला गेल्या असतील तर पैसे परत. ही दुसरी तपासणी लोक हमखास गाळतात. लॉक सोडला त्या क्षणी तुला जे माहीत होतं ते सगळं शिळं झालं. तपासणं आणि त्यावरून कृती करणं, दोन्ही लॉकच्या एकाच मुठीत हवं.

शेजारच्या मुलाचं व्होलाटाइल इथे कामाचं नाही. त्याने एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला ताबडतोब दिसतं, एवढंच. "उरलेल्या जागा एकने कमी कर" ही कोडची एक ओळ दिसते, पण आत तीन कामं असतात: वाचणं, वजा करणं, परत लिहिणं. दोघांनी ४० वाचले, दोघांनी ३९ लिहिले, विकली गेली दोन तिकिटं. व्होलाटाइल असूनही. नुसता एक आकडा सांभाळायचा असेल तर ॲटॉमिक इंटिजर पुरतो, तो ही तिन्ही कामं एका दमात करतो. अनेक थ्रेडनी एकदम वापरायला बनवलेला कॉन्करंट हॅशमॅपही चांगला आहे, पण तो एकेका कृतीपुरती हमी देतो. "चारही किंवा एकही नाही" हे वचन त्याने दिलेलं नाही, तुला द्यायचंय.

एकाच गोष्टीला दोघांनी एकदम हात लावू नये म्हणून काय करायचं, हा प्रश्न आपल्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. डायक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली त्यावरचा निबंध छापला, जेमतेम एका पानाचा. त्याच सुमारास त्याने सेमाफोर ही कल्पना मांडली, आणि तिचं नाव घेतलं रेल्वेच्या हाताच्या सिग्नलवरून. पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागची थांबणार. डोंबिवलीकराला याहून जास्त समजवायची गरज नसावी. डेडलॉक व्हायला काय काय जुळून यावं लागतं तेही १९७१ मध्ये चार अटींत मांडून झालंय: वस्तू एका वेळी एकालाच मिळणं, हातात एक धरून दुसरीची वाट बघणं, कुणाच्या हातून काढून न घेता येणं आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ होणं. चारांतली एक मोडली की डेडलॉक होत नाही. बुकिंगला एकच लॉक घेतलास की वर्तुळ व्हायला दुसरा लॉकच नसतो. कधी दोन प्रयोगांचे लॉक एकदम घ्यावे लागले, समजा कुणाचं तिकीट शनिवारवरून रविवारवर हलवायचंय, तर लहान क्रमांकाचा प्रयोग आधी, मोठा नंतर. प्रेक्षकाची इच्छा विचारायची नाही. आणि पुढच्या वेळी सर्व्हर हँग झाला की रीस्टार्ट करायच्या आधी जावासोबत येणारं जेस्टॅक चालवून थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कुठला थ्रेड काय करतोय याची यादी, काढ. असा डेडलॉक असेल तर जावा स्वतः लिहून देते की कुठला थ्रेड काय धरून कशाची वाट बघतोय. रीस्टार्ट केल्यावर पुरावा गेला.

सीनियर अर्धे बरोबर आहेत, आणि दिवाळीनंतर पाऊण बरोबर ठरतील. तुझा लॉक एका सर्व्हरच्या पोटातला आहे. दुसरा सर्व्हर आला की त्याला या पाटीचा पत्ताच नसणार. तेव्हा "धरलेली" ही नोंदही डेटाबेसात जायला हवी, आणि तिथे प्रयोग व खुर्ची या जोडीवर युनिक कन्स्ट्रेंट हवा, म्हणजे दुसरी नोंद डेटाबेस घेणारच नाही. रद्द झालेली तिकिटं त्याच टेबलात राहत असतील तर ती वगळून. मुदत संपलेल्या नोंदीही साफ व्हायला हव्यात, नाहीतर पेन्सिलीचं नाव कायमचं. चार खुर्च्यांच्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाल्या तर सगळ्या नाहीतर एकही नाही अशा, आणि क्रमांक लहानाकडून मोठ्याकडे लावून घे, कारण ११-१२, १२-११ची भानगड डेटाबेसातही होते. फरक इतकाच की पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखे डेटाबेस ती ओळखून एकाचं काम मोडतात. जावा मोडत नाही, नुसती बसून राहते. डेटाबेसाने मोडलेलं काम पुन्हा करायचा कोड तुला लिहावा लागेल. तो लिहिला नाही तर "डेटाबेस बघून घेईल" म्हणजे प्रेक्षकाला एररचं पान. सीनियरना हे असं सांग: तुमचं बरोबर आहे, कन्स्ट्रेंट आजच टाकते, आणि सर्व्हरातल्या प्लॅनसाठी प्रयोगागणिक एक लॉक ठेवते. भांडण व्हायचं कारण नाही.

लॅपटॉपवर का होत नाही? कारण तिथे तू एकटी टिचकी मारतेस, आणि बहुधा ए-१वर. पन्नास थ्रेडची एक चाचणी लिही. सगळे सुरुवातीच्या रेषेवर थांबतील, काउंटडाउन लॅचने (जावातला शर्यतीचा इशारा) एकदम सुटतील आणि एकच खुर्ची मागतील. यश बरोबर एकालाच मिळालं पाहिजे. हे हजार वेळा फिरव. आधी आत्ताच्या कोडवर चालव: १२ क्रमांकाची खुर्ची पास होईल, १३२ नापास होईल. मग चाचणी तशीच ठेवून कोड बदल. आणि बग शोधताना मधेमधे छापायच्या ओळी टाकू नकोस. सीप्झमधल्या एका कंपनीत असताना मी असाच एक बग नऊ दिवस शोधत होते. छापायची ओळ टाकली की बग गायब, काढली की हजर. ती ओळ स्वतःच आतून लॉक घेते आणि सगळे थ्रेड तिच्यासमोर रांगेत उभे राहतात, हे मला दहाव्या दिवशी कळलं. तोवर मी ऑफिसच्या देवघरासमोर उभी राहायला लागले होते.

जमणार का, हे विचारलंयस. असले बग हुशारीवर अवलंबून नसतात. थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचाराच्या यंत्रात १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा गेली, काही दगावले. त्यातल्या काही घटना ऑपरेटर सरावाने भराभर टाइप करायला लागल्यावर घडल्या. दोन कामं एकाच डेटाशी एकाच वेळी खेळत होती आणि सावकाश चालणाऱ्या चाचणीत ते दिसलं नव्हतं. तुझ्याकडे एक आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पुढच्या-मागच्या रांगांतला फरक तू टिपलास आणि लिहून कळवलास. बहुतेक जण "कधीकधी होतं" एवढंच लिहितात आणि मला काहीच सांगता येत नाही.

एक राहिलं. टेबलात आधीच दुबार नोंदी असतील तर युनिक कन्स्ट्रेंट बसणारच नाही. त्यामुळे आधी एक क्वेरी चालव: प्रयोग आणि खुर्चीनुसार गट कर, एकाहून जास्त तिकिटं असलेले गट काढ. पुढच्या शनिवार-रविवारच्या प्रयोगांतही काही सापडतील. त्या माणसांना आजच फोन जायला हवेत. ते फोन तू करू नकोस, नाट्यगृहाच्या खिडकीवरच्या माणसाला करू दे. त्याला बोलणी खायची सवय असते.